आरशातलं जानवं

कुणी पत्ता विचारला तर मी हात करून रस्ता दाखवतो. डावीकडं वळा, उजवीकडं वळा असं तोंडानं सांगत नाही. सांगितलं तर माणूस हमखास चुकतो. सात वर्षं मी दुसऱ्या एका माणसाचं प्रतिबिंब होतो, त्याचा हा परिणाम. डाव्या-उजव्याचा जो घोळ तेव्हा डोक्यात शिरला तो म्हातारपणीही निघायला तयार नाही.

संपादकांनी 'धंद्यातले अनुभव लिहा' असं कळवलं, तेव्हा शिंपी माणूस कापडाविषयी लिहील अशी त्यांची समजूत असणार. कापडाविषयी थोडं येईलच. भाषेबद्दल मात्र आधीच सांगतो. आमची घराणी कैक पिढ्यांपासून बंगळुरात आहेत. घरात मराठी बोलतो, पण बोलताबोलता कन्नड कधी येऊन बसतं ते आमचं आम्हाला कळत नाही. पुण्याचे पाहुणे हसतात. हसोत.

चिकपेटेतल्या एका बोळात मामांचं शिवणकामाचं दुकान होतं. मी तिथंच कातर धरायला शिकलो. पन्नास-साठच्या त्या काळात मॅजेस्टिकच्या बाजूला एका कन्नड नाटक कंपनीनं पत्र्याचं थेटर ठोकलं आणि तिचे कपडे शिवायचं काम आमच्याकडं आलं. कंपनीच्या मालकांना सगळे 'यजमान' म्हणत. एक दिवस ते स्वतः दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "नारायणप्पा, एक लांब कोट शिव. झाला की तोच कोट उलटा शिव."

"उलटा म्हणजे? अस्तर बाहेर?"

"छे! आरशात दिसतो तसा."

त्यांचं नवं नाटक एका कंजूष, गर्विष्ठ जहागीरदाराचं होतं. त्याच्या दिवाणखान्यात माणसाच्या उंचीचा वडिलोपार्जित आरसा असतो. मालक गावाला गेलेले असताना नोकराच्या हातून तो फुटतो. मालक अचानक परत येतात. नोकर घाबरून काचा कपाटाखाली सारतो, मालकाचेच कपडे चढवतो आणि रिकाम्या चौकटीत उभा राहतो. मालक कोट नीट करतात, हा करतो. मालक मिशी पिळतात, हा पिळतो. बारा-तेरा मिनिटं हा प्रकार चालतो आणि लोक खुर्चीवरून खाली पडायच्या बेताला येतात.

आता कोट उलटा कसा, ते ऐका. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. काजं डावीकडं, बटणं उजवीकडं. वरचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला. आरशातल्या माणसाचं हे सगळं फिरतं. काजं उजवीकडं, खिसा उजवीकडं, म्हैसुरी पेट्याचा म्हणजे पगडीचा तुरा दुसऱ्या अंगाला, अंगठी दुसऱ्या हातात. भांगसुद्धा उलटा. हा कोट बेतायला मला नेहमीच्या कोटापेक्षा दुप्पट वेळ लागला. हात सवयीनं डावीकडंच कापायला जाई. दोनदा कापड वाया गेलं आणि मामांनी माझ्या सात पिढ्या काढल्या. अर्थात त्या त्यांच्या बहिणीच्या सासरच्या होत्या, म्हणून त्यांनी सढळ हातानं काढल्या.

जहागीरदाराचं काम शेषगिरीअण्णा करत. मोठा नट. नोकर होते गुंडण्णा. कोट छान बसले, नाटक लागलं, पहिल्या दोन खेळांना गर्दी झाली. तिसऱ्या खेळाला पुढच्या रांगेतले एक निवृत्त वकील छत्री टेकत उभे राहिले आणि भर प्रवेशात ओरडले, "जहागीरदार आंधळा आहे काय?"

झालं होतं असं. प्रवेशाच्या मध्यावर जहागीरदार कोट उतरवून उघड्या अंगानं संध्येच्या तयारीला लागतो. नोकरालाही आरशात तसंच उघडं व्हावं लागतं. जहागीरदाराचं जानवं डाव्या खांद्यावर. समोरासमोर उभं राहिलं की आरशातल्या माणसाचं जानवं त्याच्या स्वतःच्या उजव्या खांद्यावर पाहिजे. गुंडण्णांनी ते रोजच्यासारखं डाव्यावरच ठेवलं होतं. वकिलांचं म्हणणं, एवढा मोठा फरक जहागीरदाराला दिसत नसेल तर पुढचं नाटक कशाला बघायचं? लोकांना मुद्दा पटला. चौथ्या खेळापासून तो क्षण आला की मागून जानव्याच्या कन्नड नावाची आरोळी उठायची, "जनिवार! जनिवार!"

यजमान गुंडण्णांना म्हणाले, "स्वल्प खांदा बदल की!"

गुंडण्णा लाल झाले. "माझे वडील ऐंशी वर्षांचे आहेत. या घटकेला मल्लेश्वरमला ओट्यावर बसून पेपर वाचताहेत. आणि मी इथं रोज जानवं उजव्या खांद्यावर घेऊ? आगल्ला, यजमान. होणार नाही."

बाहेरच्या वाचकाला यातली मेख सांगायला हवी. जानवं उजव्या खांद्यावर घेणं म्हणजे अपसव्य. ते पितरांच्या कामात करायचं. ज्याचे वडील हयात आहेत त्यानं उगीच तसं केलं तर तो बापाचं मरण चिंततो, असं आमच्याकडं सगळेच मानत. नाटकातला दोरा का असेना, गुंडण्णा ऐकेनात. शेषगिरीअण्णांचे वडील वारलेले होते. त्यांनीच जानवं फिरवावं असाही विचार निघाला. पण मग जहागीरदार श्राद्धाला बसलाय असं वाटून हसायचं सोडून लोक गंभीर झाले असते.

शेवटी असं ठरलं की त्या एका प्रवेशापुरता दुसरा माणूस उभा करायचा. गुंडण्णा घाबरून कपाटाआड जातील आणि तिकडून जहागीरदाराच्या वेशात तो माणूस बाहेर येईल. रंग, मिशी, पांढऱ्या केसांचा टोप सारखाच, त्यामुळं अदलाबदल कुणाच्या ध्यानात येणार नाही. अटी एवढ्याच: शेषगिरीअण्णांइतकी उंची, तसाच बांधा, मुंज झालेला, आणि वडील नसलेला. मुलगी बघतानाही कुणी इतक्या अटी घालत नाही.

मी तेव्हा गुडघ्यावर बसून शेषगिरीअण्णांच्या कोटाची खालची कड टाचत होतो. उंची-बांधा जुळत होता, आमच्या शिंप्यांत होते तशी माझी मुंजही झालेली होती. तोंडात टाचण्या होत्या. त्या काढल्या आणि म्हणालो, "मला वडील नाहीत."

खरं तर तोंडात टाचण्या राहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मी आठ वर्षांचा असताना कापड आणायला म्हणून हुबळीच्या गाडीत बसले. ते परत आले नाहीत. पोलिसांत वर्दी दिली, नवस झाले. कुणी त्यांना सोलापुरात पाहिलं, कुणी काशीला भगव्यात. बारा वर्षं पत्ता लागला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करायची, अशी रीत आहे. बारा वर्षं भरली तेव्हा भटजी घरी आले. आई त्यांना म्हणाली, "माणसाचा पत्ता नाही म्हणून गवताचा माणूस जाळायचा काय? मला नाही ते चालायचं." भटजी चहा पिऊन गेले. आईचं कुंकू कपाळावर राहिलं, मंगळसूत्र गळ्यात राहिलं, आणि आमच्या घरात आप्पा ना जिवंत ना मेलेले असे राहिले. यजमान तुमकूरकडचे. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

का बोललो मी? नाटकात उभं राहायची हौस होती, हे कबूल करतो. त्याखाली दुसरंही काही असेल. अठरा वर्षं वाट बघून मी कंटाळलो होतो. एकदा मोठ्यानं 'नाहीत' म्हणून बघितलं आणि अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. लगेच भीती वाटली. पण शब्द गेला होता.

शेषगिरीअण्णांनी मला महिनाभर सकाळी तालमीला उभं केलं. त्यांचा पहिला धडा असा: "माझ्या हाताकडं बघू नको. हात हललेला दिसला आणि मग तू हलवलास, तर उशीर झाला. माझ्या गळ्याच्या खळगीकडं बघ." आणि खरंच, माणूस कुठलीही हालचाल करायच्या आधी श्वास घेतो आणि ती खळगी किंचित आत जाते. ती दिसली की निघायचं, त्यांच्याबरोबर पोचायचं. दुसरा धडा: आरशातला माणूस आपण होऊन काही करत नाही. नाक खाजलं तरी नाही. तिसरा धडा त्यांनी शिकवला नाही, मीच शिकलो. ते चुकले तरी आपण त्यांच्यासारखंच चुकायचं. एकदा त्यांना शिंक आली. मीही शिंकलो. शिंक खोटी होती, पण टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अर्थात गुंडण्णांच्या नावावर जमा झाल्या, कारण जाहिरातीच्या कागदावर माझं नाव नव्हतं. प्रतिबिंबाचं नाव कोण छापणार?

इकडं दुकानात माझी दैना सुरू झाली. गिऱ्हाईक समोर उभं राहून डावा खांदा पुढं करी, मी उजवा हात मागं घेई. एका बँकेतल्या साहेबांचा लग्नाचा कोट मी बायकी काजांचा शिवला. तो घालून ते बोहल्यावर उभे राहिले तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी कोट आणि नवरदेव दोन्ही दुकानात हजर. मामांनी हात जोडले. मी कोटाकडं टक लावून पाहत होतो आणि मला त्यात काहीच चुकलेलं दिसत नव्हतं.

गल्लीत मात्र मी फुशारकी मारली. शेजारच्या सुंदराक्काला आणि तिच्या नवऱ्याला पास दिले आणि सांगितलं, "आरशात असतो तो मी, गुंडण्णा नव्हे!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर आई उंबऱ्यात बसलेली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर रडण्यापेक्षा गोंधळ जास्त.

"नाराणा," ती म्हणाली, "सुंदराक्का येऊन माझ्या गळ्यात पडून रडाय लागली की रे. 'कधी कळलं, अक्का? आम्हाला सांगितला नाहीत' म्हणून विचाराय लागली. मला काय कळलं म्हणून मीच तिला विचाराय लागले."

सुंदराक्कानं रंगमंचावर माझं जानवं उजव्या खांद्यावर पाहिलं होतं. मुलगा अपसव्य, म्हणजे आप्पांची बातमी आली असणार. घरच्यांनी गुपचूप ठेवली असेल, म्हणून ती आपण होऊन समाचाराला आली. यात तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. नाटक खोटं असतं हे तिला कळत होतं, पण जानवं तिच्या लेखी खरं होतं.

"तू सांगितलास काय त्यांना, आप्पा नाहीत म्हणून?"

मी मान खाली घातली. "सांगितलं."

आईनं ताट वाढलं आणि आत गेली.

तोंडावर श्रावण होता. वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारी गल्लीतल्या घराघरांतून सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावणं येई. आप्पा गेल्यापासून एवढ्या वर्षांत आईला एकाही घरानं वगळलं नव्हतं. ती तिची एक दिवसाची पुण्याई होती. त्या शुक्रवारी ती चार वाजल्यापासून नेसून, केसांत मोगरा माळून तयार बसली. बायका आमच्या दारावरून गेल्या. एकीनं आत पाहिलं आणि पटकन मान वळवली. साडेसहाला आईनं उठून साडी बदलली आणि तिची एकसारखी घडी घातली. मी समोर होतो. मला धरणी ठाव देईना. जिवंत बाईच्या कपाळावरचं कुंकू मी बारा मिनिटांच्या हशासाठी पुसलं होतं.

"आई, उद्या जाऊन काम सोडतो."

"स्वल्प थांब," ती म्हणाली. "तू तिथं काय करतोस ते मला आधी बघू दे. आणि चार पास आण."

रविवारी दुपारच्या खेळाला आई आली. बरोबर सुंदराक्का आणि गल्लीतल्या आणखी दोघी. मी चौकटीत उभा राहिलो तेव्हा चौथ्या रांगेकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेली. आईनं सुंदराक्काचं मनगट धरलेलं होतं. कोट उतरवायची वेळ आली आणि माझ्या डोक्यात घोळ झाला. कोण आधी, कोण मागून, मला सुचेना. शेषगिरीअण्णांची खळगी हललीच नव्हती आणि माझा हात बटणांवर गेला. प्रतिबिंब माणसाच्या आधी निघालं! दुसरा नट असता तर तिथंच उभा राहिला असता. अण्णांनी पापणीही न लववता माझ्यामागं हात उचलला आणि पुढचा अर्धा प्रवेश ते माझं प्रतिबिंब झाले. कुणाला कळलं नाही. लोक हसत होते. आई हसत नव्हती, नीट बघत होती.

खेळ संपल्यावर ती मंडळी रंगपटात आली. मी अजून टोप, मिशी उतरवली नव्हती. आई माझ्यासमोर उभी राहिली आणि किती तरी वेळ बघत राहिली. तिच्या आठवणीतले आप्पा पस्तिशीचे होते. माझ्या तोंडावर साठीचा माणूस होता.

"ते आता असेच दिसत असतील," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "मिशी मात्र अशी नसणार."

तिनं डोळे पुसले आणि सुंदराक्काकडं वळली. पलीकडं शेषगिरीअण्णा पंच्यानं घाम पुसत बसले होते.

"अक्का, ह्यांचं जानवं बघा. डाव्या खांद्यावर आहे की नाही?"

"आहे की."

"समोरचा माणूस नीट, धडधाकट उभा आहे म्हणून आरशातल्याचं उलटं दिसतं. समोर कुणी नसलं तर आरशात कोण दिसणार? माझ्या लेकाचं उजव्या खांद्यावर आहे, म्हणजे समोर कुणीतरी डाव्यावर घेऊन उभं आहे. कुठं का असेना."

सुंदराक्कानं अण्णांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा अण्णांकडं पाहिलं. "म्हणजे ह्यातला तुमचा नारायण कुठला?"

सगळे हसले. अण्णाही हसले. परत जाताना सुंदराक्का बसमध्ये बोटांनी खांद्यांवर रेघा ओढत हिशेब जुळवत होती म्हणे. उतरताना म्हणाली, "सरी, सरी," म्हणजे बरोबर, बरोबर. कळलं म्हणून म्हणाली की कंटाळून, देव जाणे. पुढच्या वर्षी वरमहालक्ष्मीला तिच्याकडून बोलावणं आलं. दुसऱ्या दोघींकडून आलं नाही. अर्ध्या गल्लीला आईचं म्हणणं पटलं, अर्धीला नाही.

मी काम सोडायचा विषय पुन्हा काढला तेव्हा आई म्हणाली, "नको सोडू. उभा राहा तिथं. मला बरं वाटतं." मग मी सात वर्षं उभा राहिलो, कंपनी बंद पडेपर्यंत. आई महिन्यातून एखाद्या रविवारी येई, चौथ्या रांगेत बसे आणि कोटाचा प्रवेश झाला की उठून जाई. पुढचं नाटक काय आहे हे तिनं कधी विचारलं नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीला आई गेली. दोन दिवसांचा ताप, आणि सकाळी दूध तापवता तापवता बसली ती उठली नाही. माणसं जमली. आंघोळ घालून झाल्यावर बायका तिच्याभोवती हात बांधून उभ्या राहिल्या. पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. हिरवी साडी, चुडा, मळवट, ओटी, की यातलं काहीच नाही? भटजी दाराशी थांबले होते. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तीस वर्षं होत आली, नारायणा. तुलाही कळतं, मलाही कळतं. पण सांगायला तूच पाहिजेस. काय सांगू त्यांना?"

कंपनीत त्या दिवशी मला कुणी विचारलंही नव्हतं तेव्हा मी चटकन बोलून बसलो होतो. इथं सगळी गल्ली ऐकायला उभी होती. मी गळ्याशी हात नेला. जानवं डाव्या खांद्यावर होतं की उजव्या, ते मला चाचपूनही कळेना.

"आप्पा आहेत," मी म्हणालो. "हिरवी साडी काढा."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग स्वतः उठून ट्रंक उघडली. दोन्ही वेळा मी एकाच माणसाविषयी बोललो होतो, आणि त्यातलं खोटं कुठलं ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

आईला हिरवी साडी नेसवली, चुडा भरला, कपाळभर मळवट भरला. सवाष्ण गेली की बायका तिच्या कपाळाचं कुंकू घेतात. कोणी पुढं होईना. नाटकाला आलेल्या त्या दोघी भिंतीला टेकून खाली बघत होत्या. मग मागून सुंदराक्का आली, गुडघे टेकून वाकली, आईच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि आपल्या कपाळाला लावलं.